ख्रिस्ती कोणास म्हणावें? — उत्तर आफ्रिकेंतील ग्रंथार्पणाचा वाद व त्याचीं कागदपत्रें

जुन्या कागदांवरून एखाद्या मनुष्याचा धर्म ठरविणें हें संशोधकाच्या नित्याच्या कामांपैकीं एक आहे. परंतु ज्या आधारावर तो ठरवावयाचा तो आधार किती बळकट आहे ह्याची तपासणी जितकी व्हावी तितकी होत नाहीं. कागदांत मनुष्याचें नांव असतें, गांव असतें, कधीं वयहि असतें. धर्म मात्र बहुधा दुसऱ्यानें लिहिलेला असतो, आणि लिहिणाराचा त्यांत कांहीं हेतु असतो. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत तर ‘ख्रिस्ती कोणास म्हणावें’ हा प्रश्न त्या नांवाइतकाच जुना आहे. त्याचीं उत्तरें राजांनीं दिलीं, धर्मसभांनीं दिलीं आणि प्रतिपक्षांनींहि दिलीं.

हा विषय फार विस्तृत असल्यामुळें प्रस्तुत लेखांत आम्ही एकच प्रकरण घेतलें आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तर आफ्रिकेंतील प्रांतांत, म्हणजे हल्लींच्या ट्यूनिसिया व अल्जीरिया ह्या प्रदेशांत, इ. स. ३०३ पासून शंभरांहून अधिक वर्षें चाललेला हा वाद आहे. तो निवडण्याचें कारण असें कीं, त्याचें मूळच हस्तलिखितांत आहे. सरकारी हुकुमावरून आपल्या धर्माचीं पुस्तकें अंमलदाराच्या हवालीं करणारा मनुष्य ख्रिस्ती राहिला कीं नाहीं, आणि त्याच्या हातून झालेले संस्कार खरे मानावे कीं खोटे, हा त्यांतील मुख्य मुद्दा होता. हस्तलिखितें शोधण्यांत व राखण्यांत ज्यांचा काळ जातो त्यांस ह्या वादाची हकीकत परकी वाटूं नये.

(१) नांव व त्याची पहिली कसोटी

‘ख्रिस्ती’ हें नांव शिष्यांस प्रथम अंत्युखिया शहरीं मिळालें असें प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. सगळ्या नव्या करारांत हा शब्द अवघा तीन वेळां येतो, आणि प्रथम तो बाहेरच्या लोकांनीं लाविलेला दिसतो. राज्यकर्त्यांची पहिली स्पष्ट कसोटी इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नामक सुभेदारानें सम्राट् ट्राजन ह्यास लिहिलेल्या पत्रांत आढळते. आरोपीनें देवांची प्रार्थना करावी, सम्राटाच्या मूर्तीपुढें धूप व मद्य अर्पावें आणि ख्रिस्ताची निंदा करावी. एवढें केल्यास तो ख्रिस्ती नव्हे. ट्राजननें उत्तरीं कळविलें कीं, ह्या लोकांस हुडकून काढूं नये व निनांवी तक्रारी घेऊं नयेत. ह्या पत्रव्यवहारांत मनुष्य काय मानतो हें कोणी विचारीत नाहीं. त्यानें काय केलें एवढेंच पाहिलें जातें. कृत्यावरून ओळख ठरविण्याची ही पद्धति पुढें कागदावर आली.

(२) बलिदानाचे दाखले

सम्राट् डीशिअस ह्यानें इ. स. २५० च्या सुमारास साम्राज्यांतील सर्व रहिवाशांनीं देवांस बलि अर्पावा असा हुकूम काढिला, आणि ज्यानें तो पाळला त्यास तसा दाखला मिळूं लागला. असे चाळीसांहून अधिक दाखले ईजिप्तच्या वाळूंत पपायरसावर लिहिलेले सांपडले आहेत. त्यांपैकीं पहिला इ. स. १८९३ मध्यें बर्लिन येथें प्रसिद्ध झाला. तो फायूम प्रांतांतील आउरेलियस डायोजेनीस नांवाच्या ७२ वर्षांच्या गृहस्थाचा असून, त्याच्या उजव्या भिंवईवर वण असल्याची नोंद त्यांत आहे. मजकूर ठराविक आहे: मी नेहमींच देवांस बलि देत आलों, आतां आपणांसमक्ष दिला, प्रसाद घेतला, तरी दाखला मिळावा. खालीं अंमलदारांची सही व मिती.

हे कागद हातीं आल्यावर ते धर्म सोडणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे असावेत असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्यांतच आउरेलिया अम्मोनूस नांवाच्या बाईचा दाखला आहे, आणि ती पेटेसुखस ह्या मगररूपी देवाची पुजारीण म्हणून नोंदलेली आहे! तिच्यावर ख्रिस्तीपणाचा संशय कोणीं घ्यावा? हुकूम सर्वांस असल्यामुळें दाखलाहि सर्वांनीं घेतला. तेव्हां दाखला असणें हें ख्रिस्ती असल्याचें प्रमाण नव्हे, आणि नसल्याचेंहि नव्हे. कारण बलि न देतां पैसे भरून दाखला मिळविणारे ख्रिस्तीहि पुष्कळ होते. त्यांस मंडळींत ‘दाखलेवाले’ असें निराळें नांव पडलें, आणि बलि देणाऱ्यांहून त्यांचा दोष कमी कीं तेवढाच, ह्याची चर्चा सुरू झाली.

पतितांस परत घेण्याच्या प्रश्नावर कागदांचा दुसरा एक वर्ग उत्पन्न झाला. तुरुंगांत छळ सोसलेले साक्षीदार पतितांस शिफारसपत्रें देऊं लागले. कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्याची तक्रार अशी कीं, कांहीं पत्रांत ‘अमक्यास त्याच्या माणसांसह घ्यावें’ इतकेंच मोघम लिहिलेलें असतें. त्यावरून वीस-तीस माणसें आलीं तर तीं कोण हें कसें ठरवावें? रोम येथें नोव्हेशियन ह्यानें अशांस मुळींच परत घेऊं नये असा पक्ष धरून इ. स. २५१ मध्यें निराळी मंडळी स्थापिली. सिप्रियननें पतितांस प्रायश्चित्तानें घ्यावें असें मत दिलें, पण मंडळीबाहेर झालेला बाप्तिस्मा तो मानीना. इ. स. २५६ च्या कार्थेज येथील सभेंत ८७ बिशपांनीं त्यास पाठिंबा दिला. रोमच्या स्टीफनचें मत ह्याच्या उलट होतें. सिप्रियनचा इ. स. २५८ मध्यें शिरच्छेद झाला. मागें त्याचें मत व त्याची कीर्ति हीं दोन्ही आफ्रिकेंत राहिलीं, आणि पुढच्या वादांत दोन्ही पक्ष त्याचेंच नांव घेऊं लागले.

(३) सिर्टा येथील जप्ती

इ. स. ३०३ च्या फेब्रुवारींत सम्राट् डायोक्लीशिअन ह्याच्या हुकुमानें ख्रिस्ती देवळें पाडण्याचें व शास्त्रग्रंथ जाळण्याचें फर्मान निघालें. तें आफ्रिकेंत कसें बजावलें गेलें ह्याची सरकारी नोंद सुदैवानें उपलब्ध आहे. ता. १९ मे ३०३ रोजीं सिर्टा शहराचा अंमलदार मुनेशियस फेलिक्स हा ख्रिस्ती लोकांच्या सभागृहीं आला व त्यानें बिशप पॉल ह्याच्यापाशीं ग्रंथ मागितले. पॉलनें उत्तर दिलें कीं, ग्रंथ वाचकांपाशीं आहेत. येथें जें आहे तें आम्ही देतों. मग याद झाली: सोन्याचे दोन पेले, रुप्याचे सहा पेले, दिवे, स्त्रियांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, पुरुषांच्या जोड्यांचे १३ जोड व स्त्रियांच्या जोड्यांचे ४७. हे कपडे गोरगरिबांस देण्यासाठीं ठेविले असावेत. ग्रंथालयांतील कपाटें रिकामीं निघालीं.

नंतर एका सेवकानें एक मोठा ग्रंथ आणून दिला, आणि अंमलदार वाचकांच्या घरोघर फिरला. एकानें चार ग्रंथ दिले, एकानें पांच, एकानें आठ. व्हिक्टर नांवाच्या व्याकरणाच्या पंतोजींनीं दोन ग्रंथ व चार सुट्या वह्या दिल्या. कोडिओ नांवाचा वाचक घरीं नव्हता, त्याच्या बायकोनें सहा ग्रंथ पुढें केले; तरी आणखी कांहीं दडविलें आहे काय हें पाहण्यास एका नोकरास घरांत शिरविलें, व त्यास कांहीं सांपडलें नाहीं. सिल्व्हेनस नांवाच्या एका कनिष्ठ सेवकानें रुप्याची एक पेटी व एक दिवा आणून दिला. हीं नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. त्यांची पुढें गरज लागेल.

सर्वत्र असेंच झालें असें नाहीं. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस ह्यानें खरे ग्रंथ लपविले व देवळांत पाखंड्यांचीं पुस्तकें ठेविलीं. अंमलदार तींच घेऊन गेले. कालामाच्या बिशपानें वैद्यकाचे ग्रंथ दिले. कित्येकांनीं ग्रंथ न देतां प्राण दिले. छळ ओसरल्यावर ज्यांनीं ग्रंथ दिले होते त्यांस ‘त्रादितोर’ हें नांव पडलें. ह्या लॅटिन शब्दाचा धातु ‘हातीं देणें’ ह्या अर्थाचा आहे. यहूदानें ख्रिस्तास शत्रूच्या हातीं दिलें तेथें हाच धातु योजिलेला आहे, आणि एका पिढीनें दुसरीच्या हातीं दिलेली परंपरा हा अर्थहि त्याच धातूपासून निघतो. ग्रंथ सोंपविणें हें एकीकडे धर्मरक्षण व दुसरीकडे धर्मद्रोह. फरक केवळ कोणाच्या हातीं दिलें एवढाच.

(४) दोन बिशप

मेन्सुरियसच्या मागें इ. स. ३११-१२ च्या सुमारास सिसिलियन ह्यास कार्थेजचा बिशप केलें. न्युमिडिया प्रांतांतील सुमारें सत्तर बिशपांनीं जमून आक्षेप घेतला कीं, सिसिलियनवर हात ठेवून दीक्षा देणारा ॲप्टुंगाचा बिशप फेलिक्स हा त्रादितोर आहे, सबब ही दीक्षाच खोटी. त्यांनीं मेजोरिनस ह्यास, व त्याच्या मागें डोनेटस ह्यास बिशप मानिलें. ह्या डोनेटसावरून त्या पक्षास ‘डोनेटिस्ट’ हें नांव मिळालें.

डोनेटिस्टांचें म्हणणें हलकें समजूं नये. ज्याच्यापाशीं पावित्र्य नाहीं तो दुसऱ्यास तें कोठून देणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि सिप्रियनचें मत त्यांच्या पाठीशीं होतें. ज्या गांवीं शेजाऱ्यानें प्राण दिला आणि बिशपानें ग्रंथ दिला, तेथें त्याच बिशपाच्या हातून प्रसाद घेणें कोणास रुचलें असतें?

सम्राट् कॉन्स्टंटाइन ह्याच्याकडे फिर्याद गेली. इ. स. ३१३ मध्यें रोम येथें व ३१४ मध्यें आर्ल येथें सभा झाल्या. आर्लच्या सभेचा ह्यासंबंधींचा ठराव संशोधकानें लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. ज्यांनीं ग्रंथ, पात्रें किंवा बांधवांचीं नांवें शत्रूस दिलीं त्यांस पुरोहितपदावरून काढावें; मात्र हा आरोप नुसत्या तोंडी शब्दांनीं नव्हे, सरकारी दप्तरावरून शाबीत झाला पाहिजे. आणि अशा मनुष्यानें पूर्वीं कोणास दीक्षा दिली असेल तर ती दीक्षा बाधित होऊं नये. ह्या ठरावानें दोन गोष्टी साधल्या: ऐकीव आरोपास लगाम बसला, आणि एकाचा दोष त्याच्या हातून संस्कार घेतलेल्या शेंकडों लोकांच्या माथीं मारणें बंद झालें.

(५) पत्राची शेंपटी

दप्तर प्रमाण म्हटल्यावर दप्तर बनविणारेहि निघावे हें ओघानेंच आलें. ॲप्टुंगाच्या फेलिक्सची चौकशी इ. स. ३१५ च्या सुमारास कार्थेज येथें सुभेदारापुढें झाली. इ. स. ३०३ मध्यें ॲप्टुंगा येथें अंमलदार असलेला अल्फियस सिसिलियन (हा वरील बिशपाहून निराळा, हा ख्रिस्ती नव्हता) साक्षीस आला. त्याची जबानी अशी: इंजेंशियस नांवाचा मनुष्य फेलिक्सचा निरोप म्हणून सांगत आला कीं, त्याच्यापाशीं अकरा मौल्यवान् ग्रंथ ठेव म्हणून आहेत व ते परत करण्याचें त्याच्या मनांत नाहीं, तरी ‘ते माझ्या अमदानींत जळाले’ असें पत्र आपण द्यावें. ख्रिस्ती लोकांचा प्रामाणिकपणा तो हाच काय, असें म्हणून अल्फियसनें प्रथम त्यास धुडकाविलें; पुढें मात्र त्यानें जप्तीची खरी हकीकत सांगणारें एक पत्र लिहून दिलें. तें पत्र आतां पुराव्यांत आलें होतें, आणि त्याच्या शेवटीं फेलिक्सनें किल्ली देऊन ग्रंथ कोठें आहेत तें सांगितलें असा मजकूर होता. पत्र वाचून दाखवितांच अल्फियसनें सांगितलें कीं, अमक्या शब्दांपर्यंत मजकूर माझा, पुढचा माझा नव्हे. इंजेंशियसनें अखेर पुरवणी आपण जोडल्याचें कबूल केलें. फेलिक्स निर्दोष ठरला.

मराठी पत्रांच्या शेवटीं ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का कां असतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या प्रकरणाचें मर्म निराळें सांगावयास नको. मजकूर जेथें संपतो तेथें मर्यादा नसेल तर दुसऱ्याची लेखणी तेथून पुढें चालूं लागते. एका गुप्त ओळीनें एका बिशपाचें, आणि त्याच्यामागें एका समग्र मंडळीचें, ख्रिस्तीपण बुडण्याच्या बेतांत होतें.

(६) सिर्टाचें दप्तर पुन्हां उघडतें

इ. स. ३२० मध्यें न्युमिडियाचा सुभेदार झेनोफिलस ह्याच्यापुढें आणखी एक चौकशी झाली. सिर्टा येथील ज्या सिल्व्हेनसनें रुप्याची पेटी व दिवा दिला होता तो आतां तेथील बिशप झाला होता, आणि तोहि डोनेटिस्ट पक्षाचा. सिसिलियनविरुद्ध मेजोरिनस ह्यास उभें करणाऱ्यांपैकीं तो एक. नुंडिनेरियस नामक त्याच्याच डीकनाशीं त्याचें वितुष्ट आलें, आणि त्या डीकनानें सतरा वर्षांपूर्वींची जप्तीची नोंद पुढें आणविली. साक्षीस तेच व्याकरणाचे पंतोजी व्हिक्टर उभे राहिले. त्यांनीं प्रथम सांगितलें कीं, मी डोंगरांत पळालों होतों व माझ्यामागें ग्रंथ नेले. पण नोंद वाचली गेली, तींत त्यांनीं स्वतः ग्रंथ दिल्याचें लिहिलें होतें. सिल्व्हेनस हद्दपार झाला.

जे दुसऱ्यांस त्रादितोर म्हणत होते त्यांचाच पुढारी त्रादितोर निघाला, असा ह्याचा उपयोग प्रतिपक्षानें भरपूर केला. आमचें लक्ष मात्र व्हिक्टरकडे जातें. भीतीनें दोन ग्रंथ व चार वह्या देणारा, आणि सतरा वर्षांनीं लाजेनें तें नाकारूं पाहणारा हा शिक्षक ख्रिस्ती होता कीं नव्हता? दप्तर त्याचें कृत्य सांगतें. त्या मधल्या सतरा वर्षांतील त्याची श्रद्धा कशी होती हें सांगणें दप्तराच्या शक्तीबाहेरचें आहे.

ह्या दोन्ही चौकशांचे कागद आपणांपर्यंत कसे आले तेंहि सांगितलें पाहिजे. मिलेव्हिसचा बिशप ऑप्टेटस ह्यानें इ. स. ३६६-६७ च्या सुमारास डोनेटिस्टांविरुद्ध ग्रंथ लिहून त्यास कागदपत्रांची पुरवणी जोडली. ती पुरवणी आज पॅरिस येथील अकराव्या शतकाच्या एकाच लॅटिन पोथींत उरली आहे. तींतहि फेलिक्सच्या चौकशीचा आरंभ व सिल्व्हेनसच्या चौकशीचा शेवट नष्ट झाला आहे. शिवाय हा संग्रह एका पक्षानें, आपला पक्ष सिद्ध करण्यासाठीं केलेला आहे. दुसऱ्या पक्षाचें दप्तर असेंच राहिलें असतें तर चित्र कांहीं निराळें दिसलें असतें.

(७) कार्थेजची परिषद्

इ. स. ४११ च्या जूनमध्यें सम्राट् होनोरियस ह्याचा प्रतिनिधि मार्सेलिनस ह्याच्यापुढें कार्थेज येथें दोन्ही पक्षांचे मिळून साडेपांचशेंहून अधिक बिशप जमले. बोललेला शब्द न् शब्द लघुलेखकांनीं टिपला व वक्त्यांनीं त्याखालीं सह्या केल्या. सह्यांची शहानिशा एकेक मनुष्य पुढें बोलावून करावी असा डोनेटिस्टांचा आग्रह होता. वादाचा बराच भाग तर कागदांच्या खरेखोटेपणावरच गेला. सिर्टा येथें इ. स. ३०५ च्या सुमारास जमलेल्या बिशपांनीं एकमेकांच्या ग्रंथार्पणाची कबुली दिल्याचा कागद पुढें येतांच डोनेटिस्टांनीं हरकत घेतली कीं, बिशपांच्या सभांच्या कागदांवर रोमन कॉन्सलांच्या नांवानें मिती घालण्याचा प्रघात नाहीं. ह्यावर ती आहे, सबब कागद बनावट. मिती व मायन्यावरून कागद पारखण्याची ही रीत आपल्याच कामांतली आहे.

नांवावरूनहि वाद झाला. ‘डोनेटिस्ट’ हें नांव त्या पक्षास मान्य नव्हतें. ते आपणांस खरे कॅथॉलिक व केवळ ख्रिस्ती म्हणवीत, आणि समोरच्यांस ‘सिसिलियनचे लोक’ किंवा ‘त्रादितोर’ म्हणत. आज आपण एका पक्षास जें नांव देतों तें त्याच्या विरोधकांचें आहे. प्रस्तुत लेखांतहि आम्हीं तेंच वापरलें, कारण दुसरें रूढ नाहीं.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ह्याचा युक्तिवाद पुढें सर्वमान्य झाला. बाप्तिस्मा देणारा कोणीहि असो, तो बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे; पळपुट्या शिपायाच्या अंगावरील सैन्याची खूण जशी पुसत नाहीं तशी ही खूणहि पुसत नाहीं. ह्या मतांत मोठें औदार्य आहे: कोणाच्याहि हातचा बाप्तिस्मा घेतलेल्यास पुन्हां घेण्याचें कारण उरत नाहीं. परंतु त्याची दुसरी बाजूहि आहे. खूण पुसत नसेल तर पळालेल्या शिपायास पकडून आणण्याचा हक्कहि उरतो. आणि डोनेटिस्टांस सक्तीनें परत आणण्याचें समर्थन ऑगस्टीननें ह्याच दिशेनें केलें. परिषदेचा निकाल त्यांच्याविरुद्ध लागला व इ. स. ४१२ मध्यें त्यांच्यावर दंड बसविणारा कायदा झाला.

(८) ह्याचा आपल्याकडील धागा

न पुसणाऱ्या खुणेचें हें मत पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलें. गोव्याचें इन्क्विझिशन इ. स. १५६० मध्यें स्थापन झालें व मध्यंतरीं कांहीं वर्षें बंद राहून १८१२ मध्यें कायमचें उठलें. बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य जुन्या चालीकडे वळला तर त्यास हिंदु न मानतां धर्मभ्रष्ट ख्रिस्ती मानून त्यावर खटला चाले. इ. स. १७३६ च्या जाहीरनाम्यांत तर तुळस लावणें, लग्नांतील गाणीं, मिठावांचून भात शिजविणें, पुरुषांचें धोतर व बायकांची चोळी हीं सर्व संशयाचीं चिन्हें ठरलीं. प्लिनीच्या वेळीं धूप अर्पिला म्हणजे मनुष्य ख्रिस्ती नव्हे. येथें भातांत मीठ घातलें नाहीं म्हणजे तो खोटा ख्रिस्ती. ओळख पुन्हां कृत्यावरूनच ठरली.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट इ. स. १५९९ च्या जूनमध्यें मलबारांत उदयंपेरूर येथें घडली. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस ह्यांनीं तेथील सुरियानी ख्रिस्ती लोकांची सभा भरवून त्यांचे सुरियानी ग्रंथ दुरुस्तीसाठीं किंवा जाळण्यासाठीं मागितले. ख्रिस्ती लोकांपाशीं ख्रिस्ती ग्रंथ मागणारा ह्या खेपेस ख्रिस्ती अधिकारीच होता. त्याचा परिणाम म्हणून त्या काळापूर्वींचीं सुरियानी हस्तलिखितें मलबारांत आज दुर्मिळ आहेत.

उपसंहार

वरील विवेचनावरून आम्हांस जें सांगावयाचें तें थोडक्यांत असें. धर्माची ओळख सांगणारा कागद हातीं आला तर तो कोणीं, कोणासाठीं व कोणत्या भयानें लिहिला हें आधीं पाहावें. त्यांत जें कृत्य नोंदलें असेल तेवढेंच सिद्ध धरावें. आणि त्याच्या शेवटच्या ओळी विशेष काळजीनें तपासाव्या. पेट्यांवर व याद्यांत आपण ज्या चिठ्ठ्या लावितों, ‘पाखंडी’, ‘धर्मभ्रष्ट’, ‘बाटगा’, त्या पुष्कळदां एका पक्षाच्या शिव्या असतात. आपण त्या चिकटविल्या म्हणजे शेंकडों वर्षांपूर्वींच्या भांडणांत नकळत साक्ष देतों. मृतास ती खोडतां येत नाहीं. आर्ल येथें जमलेल्या बिशपांनीं नुसत्या शब्दांवर विसंबूं नये म्हणून सांगितलें. ॲप्टुंगाच्या पत्रानें कागदावरहि आंधळेपणानें विसंबूं नये हें शिकविलें. ह्या दोन धड्यांमधील अरुंद वाटेनेंच संशोधकानें चालावयाचें आहे. असो.